सूतभर फट

सूतभरांचं खरं नाव नेमबाजी क्लबच्या जुन्या रजिस्टरात कुठेतरी असेल, पण ते शोधायची गरज आजवर कुणाला पडलेली नाही. सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सूतभरांच्या तोंडी मात्र नखाएवढं असो की केसाएवढं, सगळं सूतभरच. "झालंच, सूतभर राहिलंय," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला वाटेला लावतात, आणि ते सूतभर काढायला कधी तीन तास घेतात तर कधी तीन आठवडे. नवी माणसं ते आडनाव समजून पत्रावरही 'श्री. सूतभर' असं लिहितात. पोस्टमनला ते अचूक पोचवता येतं.

धंदा म्हणाल तर नेमबाजांच्या रायफलींचे दस्ते बनवण्याचा. दस्ता म्हणजे रायफलचं लाकडी अंग: खांद्याला टेकतं, गालाला लागतं आणि पुढे नळीला पोटाशी धरतं ते सगळं. चाळीस वर्षं सूतभरांनी अक्रोडाच्या लाकडाखेरीज कशाशी फारसा संबंध ठेवला नाही. लोखंडाला काजळी फासायची, ते लाकडात बसवून पाहायचं, जिथं काळा डाग उमटेल तिथं छिन्नीने खरवडायचं, मग पुन्हा काजळी आणि पुन्हा छिन्नी. असं करत करत लोखंड लाकडात इतकं घट्ट बसायचं की मधून केस जाणार नाही. हे ते नुसतं म्हणत नसत, करून दाखवत. गिऱ्हाईक आलं की डोक्याचा एक केस उपटून फटीत घालायचा प्रयत्न करायचे. डोक्यावर केस मोजकेच उरल्यापासून ते गिऱ्हाइकाकडे मागतात.

त्यांचं वर्कशॉप घराच्या मागच्या अंगाला आहे आणि पुढच्या खोलीत सुनेचा दवाखाना. सून दातांची डॉक्टर. मध्ये एक अरुंद पॅसेज, त्याला एक दार, आणि दोन्ही बाजूंना एकेक ड्रिल. एकदा तिच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटने मागून मोठ्या ड्रिलची घरघर ऐकली, "ते माझ्यासाठी आहे का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता तो चपला घालून निघून गेला. तेव्हापासून दुपारी चार ते सात, दवाखान्यातल्या गर्दीच्या वेळी, सूतभरांनी फक्त हाताने कानस चालवायची, असा घरात ठराव आहे.

सूतभर स्वतः त्या खुर्चीत कधी बसलेले नाहीत. त्यांची उजवीकडची खालची दाढ दोन वर्षं ठणकत होती. ते डाव्या बाजूने चावत, पाव चहात बुडवून खात आणि थंड पाणी प्यायले की खिडकीबाहेर बघत. सून म्हणायची, "बाबा, एकदा बसा ना खुर्चीत. नुसतं बघते." ते म्हणायचे, "बघू पुढच्या आठवड्यात." चाळीस वर्षं छिन्नी हातात धरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातल्या छिन्नीची भीती वाटावी, यात नवल काही नाही. हातात धार धरणाऱ्याला ती काय करू शकते ते पक्कं ठाऊक असतं.

पण सुनेसाठी त्यांचा जीव तुटायचा, आणि त्याचं कारण होता तिचा डावा हात.

मुलाने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तिने चहाचा कप डाव्या हाताने उचलला. बायकोने तिचा स्वभाव पाहिला, मुलाने आईचा चेहरा पाहिला, सूतभरांनी फक्त हात पाहिला. "नेमबाजी करतेस म्हणे? रायफल कुठली वापरतेस?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "क्लबची. उजव्या हाताची आहे, मी वाकडी होऊन घेते सांभाळून." सूतभरांनी तिथल्या तिथे खिशातून दोरा काढला आणि तिच्या तळव्याचं, कोपरापासून खांद्यापर्यंतचं आणि गालाच्या हाडापर्यंतचं माप घेतलं. मुलगा लाजून लाल झाला. लग्नाला लोकांनी भांडी दिली, चादरी दिल्या. सासऱ्यांनी डाव्या हाताच्या रायफलला डाव्या हाताचा अक्रोडी दस्ता दिला. सून तो गालाला लावून बघताना रडली, आणि सूतभर "सूतभर वार्निश राहिलंय" असं पुटपुटत मागे वर्कशॉपमध्ये गेले.

त्यानंतर ती तीन वर्षं संघाच्या निवडचाचणीत उतरली. सहा जण घेतात. ती एकदा नववी आली, एकदा आठवी, आणि गेल्या वर्षी सातवी. यंदा तिचं वय छत्तीस. "यंदा नाही झालं तर मी थांबणार," असं तिने जेवताना शांतपणे सांगितलं होतं. चाचणी रविवारी होती. आणि आदल्या सोमवारी ती रेंजवरून परतली ती तोंड पाडूनच.

तिने निशाणाचा कागद कामाच्या टेबलावर ठेवला. शंभर मीटरवर एरवी तिच्या पाच गोळ्या कोटाच्या बटणाखाली झाकल्या जायच्या. आज त्या बशीभर पसरल्या होत्या.

"माझा हात बिघडलाय की रायफल, तेवढं सांगा," ती म्हणाली.

सूतभरांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, गोळी आत सारणारा बोल्ट काढून कपाटात कुलपात ठेवला, दोन स्क्रू सोडवले आणि लोखंड लाकडातून उचललं. काजळी फासून पुन्हा ठेवलं, काढलं. काळे डाग सगळीकडे उमटायला हवे होते, ते उमटले दोनच ठिकाणी. लाकूड दमट हवेत फुगलं होतं, मग कोरड्या हवेत आकसलं होतं, आणि या ये-जा करण्यात त्याने आपली बैठक मोडली होती. घोडं पेंड खात होतं ते इथे. दर गोळीला लोखंड मागे धक्का खातं आणि दर वेळी वेगळ्या जागी बसतं. मग गोळ्या बशीभर पसरणार नाहीत तर काय?

"हात ठीक आहे तुझा," ते म्हणाले. "लाकडाने दगा दिला."

स्वतःच्या लाकडाबद्दल असं बोलताना त्यांना जड गेलं. खरवडून नवी बैठक करायची तर दोन आठवडे हवेत, हातात होते सहा दिवस. दुसरा डाव्या हाताचा दस्ता अख्ख्या क्लबात नव्हता. उरला एकच उपाय, आणि तो इतर सगळे कारागीर वीस वर्षं करत आले होते. लोखंड आणि लाकूड यांच्या मध्ये इपॉक्सी भरायचं. ते ओलं असताना लोखंडाचा आकार घेतं आणि वाळलं की दगड होतं. ना फुगत, ना आकसत. सूतभर इतकी वर्षं त्याला 'बुजवाबुजवी' म्हणत आले होते.

"बुजवाबुजवीच तर मी दिवसभर करते," सून म्हणाली. "चला, माल बघू."

मंगळवारी सकाळी दोघं हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदार बोलघेवडा. प्रत्येक डबा हातात घेऊन "हे घेऊन जा, डोळे मिटून लावा" असं म्हणायचा. डोळे मिटून काही लावायची दोघांचीही सवय नव्हती, म्हणून त्यांनी तीन प्रकार घेतले. पाच मिनिटांत वाळणाऱ्या जोड ट्यूब, होड्यांना लावतात ते मधासारखं पातळ इपॉक्सी, आणि पोलादाची पूड घातलेला राखाडी घट्ट लेप.

सूतभरांनी बाटल्यांची झाकणं मांडली आणि मालमसाला कालवायला घेतला. सून शेजारी घड्याळ लावून बसली. प्रत्येक झाकणात मेण चोपडलेला एकेक बोल्ट उभा केला, म्हणजे वाळल्यावर तो काढून आतला ठसा बघता येईल. पाच मिनिटवालं अडीच मिनिटांतच सूतभरांच्या काडीला चिकटलं आणि काडी उभीच राहिली. "हे लावायला घेतलं तर अर्ध्या रायफलपर्यंत पोचेस्तोवर मी पण चिकटेन," ते म्हणाले. ते बाद झालं. पातळवालं मात्र त्यांना फार आवडलं. वाहत वाहत प्रत्येक कानाकोपऱ्यात शिरत होतं.

"हेच घेऊ. कुठे केसभर जागा सोडत नाही बघ."

"तेच तर," सून म्हणाली. "नको तिथेही शिरेल. स्क्रूच्या भोकात, घोड्याच्या खाचेत. आणि उभ्या भिंतीवर थांबणार नाही, सगळं तळाला जाईल. मला विचाराल तर राखाडी."

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकणं तपासली तेव्हा राखाडी लेपाची शोभा झाली होती. चोवीस तासांनंतरही तो चीजसारखा मऊ. नख रुतत होतं. सूतभरांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं, जे सासऱ्यांनी सुनेसमोर दाखवू नये.

"कसं कालवलंत तुम्ही?" बायको दारातून म्हणाली. ती परत न्यायला आली होती स्वयंपाकघरातला चमचा, जो सूतभरांनी न विचारता आणला होता.

"कसं म्हणजे? निम्मं-निम्मं. ट्यूबचं कसं असतं तसं."

बायकोने चष्मा लावला, डबा उजेडात धरला आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं वाचलं. "नऊ भाग हे, एक भाग ते. आणि वजनाने. चमच्याने नाही. अहो, केकला मी अंदाजाने बेकिंग पावडर टाकली तर खाल का तुम्ही?"

सूतभरांनी चमचा पुसून पुढे केला. मागून सुनेचं हसू ऐकू आलं ते त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. बायकोने केकसाठीचा वजनकाटा आणून दिला, वर ताकीद दिली की परत येताना तो जसा गेला तसाच आला पाहिजे. नवं कालवण केलं, नऊला एक, काट्यावर. गुरुवारी सकाळी झाकणातला लेप वाजवला तर टणटण वाजला. बोल्ट उपसून भिंगाखाली ठसा पाहिला तर बोल्टच्या आट्यांवरचा एक जुना ओरखडासुद्धा त्यात उतरला होता. पातळवाल्यात बुडबुडे होते आणि कडा खाली खचल्या होत्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सूतभरांनी राखाडी डबा उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"ठरलं," ते म्हणाले, आणि मग, कारण मन मोठं होतं, "बरोबर होतीस तू."

बैठक भरायची गुरुवारी दुपारी असं ठरलं. सुनेने तयारी नीट समजावून सांगितली. लोखंडाला बुटाच्या मेणाचे दोन हात. सगळ्या भोकांत मुलांची खेळायची माती. आणि तो खुंट. लोखंडाच्या पोटाखाली अंगठ्याच्या पेराएवढा एक पोलादी खुंट असतो, तो लाकडातल्या खाचेत बसतो आणि गोळीचा सगळा धक्का मागच्या भिंतीवर घेतो. पुढचा स्क्रू खालून येऊन त्यातच शिरतो.

"हा तर दातच आहे," ती म्हणाली. "मागची बाजू उघडी ठेवा, धक्का तिथे बसतो. पुढून, दोन्ही बाजूंनी आणि खालून मात्र चिकटपट्टी लावा. वाळल्यावर पट्टी काढली की तेवढी फट राहते आणि खुंट सरळ वर येतो. नाहीतर अडकतो. मापाचा साचा अडकला की मी पेशंटच्या तोंडातून कसा काढते ते मलाच माहीत."

"हो, हो," सूतभर म्हणाले.

तेवढ्यात पुढून एक गाल सुजलेला माणूस आला आणि ती धावली. सूतभर एकटे राहिले.

सगळं त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं. मेणाचे दोन नव्हे, तीन हात दिले. भोकं मातीने भरली. खुंटाला तीन बाजूंनी आणि खालून पट्टीही लावली. मग त्यांनी खुंट खाचेत धरून पाहिला. पट्टी निघाल्यावर भोवती उरेल ती फट त्यांना आत्ताच दिसली. अर्धा मिलिमीटर, फार तर. पण चांगली उजेड जाईल अशी फट.

चाळीस वर्षं हा माणूस फटी बुजवत आला होता. क्लबात त्यांचं नाव होतं ते केसाच्या परीक्षेमुळे. आणि आता, सुनेच्या रायफलला, तिच्या शेवटच्या चाचणीला, स्वतःच्या हाताने फट ठेवायची? उद्या कुणी दस्ता उघडला आणि आत बघितलं तर? ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणून त्यांनी चारही पट्ट्या नखाने सोलून काढल्या. लेप कालवला, खाचेत भरला, लोखंड वर दाबलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं आणि कडेने निघालेला जादा लेप पुसला. कुठेही फट नव्हती. ते खूश होऊन हात धुवायला गेले.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता पट्ट्या सोडल्या, स्क्रू काढले. लोखंड उचललं. ते आलं नाही. त्यांनी पुढच्या भोकात लांब बोल्ट अर्धा फिरवला आणि खालून लाकडी हातोडीने त्याच्या डोक्यावर टिचकी मारली, मग टोला, मग जोराचा टोला. मागची बाजू किंचित सुटल्यासारखी वाटली. खुंट मात्र जागचा हलला नाही.

सूतभरांनी हातोडी खाली ठेवली. ते स्टुलावर बसले. समोर दोनच रस्ते होते. दस्ता करवतीने कापायचा आणि लोखंड सोडवून क्लबच्या उजव्या हाताच्या दस्त्यात घालायचं, म्हणजे सुनेने पुन्हा वाकडं व्हायचं. किंवा काहीच करायचं नाही आणि रविवार जाऊ द्यायचा. अडकलेलं लोखंड स्क्रू आवळून तसंच वापरावं, हाही विचार येऊन गेला. पण ते एका कोपऱ्यात सुटलेलं आणि एका कोपऱ्यात अडकलेलं होतं, म्हणजे होतं त्याहून वाईट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी बारीक दात्यांची करवत खिळ्यावरून काढली, अक्रोडावर टेकवली, आणि ओढू शकले नाहीत. गालाच्या जागी लाकूड तिच्या गालाच्या तेलाने काळसर झालं होतं.

बायको चहा घेऊन आली. तिने करवत पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि चहा लांब ठेवला.

"सांगितलंत तिला?"

"सोडवतो ना आधी. मग सांगतो."

"अहो, सुटत असतं तर करवत कशाला घेतली असती? बोलावते मी." आणि सूतभर नको नको म्हणेपर्यंत ती पॅसेजचं दार उघडून हाक मारून मोकळी झाली.

सून हातमोजे काढत आली. तिने बोल्ट पाहिला, हातोडी पाहिली. फडताळाच्या कडेला सोलून चिकटवलेल्या चार पट्ट्या पाहिल्या. सूतभर कुठलीही वस्तू फेकत नाहीत.

"पट्टी काढलीत," ती म्हणाली.

"फट दिसत होती," सूतभर म्हणाले. ते ऐकायला किती मूर्खपणाचं वाटतंय ते म्हणता म्हणताच त्यांना कळलं. "तुझ्या रायफलला फट नको वाटली मला. चुकलो मी, डॉक्टर. साफ चुकलो."

खिडकीपाशी जाऊन तिने बाहेर पाहिलं, तिचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. मग वळून म्हणाली, "मला राग आलाय, बाबा. खूप आलाय. पण आज वेळ नाही, तो मी सोमवारी काढीन. भिंग द्या."

भिंगातून तिने खुंटाची दिसेल तेवढी कड तपासली. "खालचं टोक वरच्यापेक्षा जाड आहे. तुमच्या भाषेत सूतभर. म्हणून अडलंय. आई, दवाखान्यातून कपाटातला निळा डबा आणा. फवाऱ्याचा."

तो फवारा म्हणजे दाताची नस जिवंत आहे की मेली हे बघायचं साधन. कापसावर मारून दाताला टेकवला की जिवंत नस असलेला माणूस खुर्चीतून उडतो. इतका गार असतो तो. सुनेने दस्ता उलटा करून शिकंज्यात नरम फडक्यात धरला, भोकातला बोल्ट काढला, फवाऱ्याला बारीक नळी लावली आणि ती खालच्या भोकातून थेट खुंटापर्यंत घातली.

"थंडीने लोखंड आकसतं. बाजूच्या लेपाला गारवा पोचायच्या आत मारायचं. मी 'आता' म्हटलं की बोल्टवर एकच टोला. जोरात नाही. सरळ."

"वाकडा बसला तर?"

"तोंड बंद आणि हात सरळ ठेवा, बाबा."

सासऱ्यांशी ती असं कधी बोलली नव्हती. बायकोने पदराआड तोंड लपवलं. सूतभरांनी मुकाट्याने तोंड बंद केलं आणि हातोडी उचलली.

फवारा सुसाट सुटला. भोकाच्या तोंडाशी पांढरं दव धरलं, मग बर्फ. सुनेच्या बोटांवरही बर्फ धरला, तिने हात हलवला नाही. तिने नळी ओढून काढली, बोल्ट परत घालून दोन आटे फिरवला. "आता."

सूतभरांनी टोला घातला. टक् असा छोटा, कोरडा आवाज झाला आणि लोखंड लाकडातून खाली फडक्यावर उतरलं.

मग बायको म्हणाली, "आला बाई एकदाचा."

सुनेने खाच दिव्याखाली धरली. मागची भिंत, जिच्यावर सगळी भिस्त होती, ती आरशासारखी शाबूत होती. पुढच्या बाजूचा लेप मात्र नखाएवढ्या कपच्या होऊन तुटून आला होता. जिथे पट्टी लावायची होती नेमका तिथेच. "बघा," ती म्हणाली, "फट तुम्ही दिली नाहीत म्हणून रायफलने स्वतःची करून घेतली. आता दोन बाजू आणि तळ राहिला."

आणि सूतभरांनी, क्लबात ज्यांच्या केसाची ख्याती होती त्या सूतभरांनी, बारीक कानस घेतली, चष्मा सरसावला आणि तासभर बसून आपल्याच हाताने फट केली. मध्ये मध्ये थांबून चिकटपट्टीचा तुकडा घालून पाहायचे, जातो की नाही. चार ते सात फक्त हाताची कानस, हा ठरावही आपोआप पाळला गेला.

शनिवारी रेंजवर सुनेने पाच गोळ्या झाडल्या. निशाणाचा कागद आणून तिने खिशातलं कोटाचं बटण काढून त्यावर ठेवलं. एका भोकाची कड तेवढी बाहेर डोकावत होती. "सूतभर," सूतभर म्हणाले.

रविवारी ते रेंजच्या मागच्या बाकावर पाठ करून बसले. नेहमीच तसे बसतात, मागून येणारा आवाज मोजतात. साठ गोळ्या. एकेक गोळीला त्यांची जीभ आपोआप उजव्या दाढेवर जायची, ती ठणकायची आणि ते पुढच्या गोळीची वाट बघायचे. शेवटी सगळं शांत झालं आणि बराच वेळ शांतच राहिलं. मग खांद्यावर एक हात पडला. डावा.

"चौथी," सून म्हणाली.

त्यांनी सरकून तिला जागा केली. ती शेजारी बसली आणि दोघंही मोकळ्या मैदानाकडे बघत बसली. थोड्या वेळाने सूतभर म्हणाले, "तू सोमवारी राग काढणार होतीस."

"काढणार आहेच."

सोमवारी सकाळी दवाखान्यात पहिला पेशंट गेल्यावर तिने बाहेरच्या बाकाकडे बघून "पुढचे या" म्हटलं. बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून सूतभर बसले होते. ते पॅसेजमधून न येता रस्त्याने फिरून, पुढच्या दारातून, सगळ्या पेशंटांसारखे आले होते. हातात नंबराचा बिल्ला होता.

तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. ते खुर्चीत बसले, दिवा तोंडावर आला. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर इतके घट्ट आवळले की नखं पांढरी पडली.

"घाबरतो मी, डॉक्टर," ते म्हणाले. "खरं सांगतो. फार घाबरतो."

"माहितेय," ती म्हणाली. तिने डाव्या हाताने त्यांचा एक हात खुर्चीवरून सोडवला. "इतकं घट्ट नका धरू. थोडं सैल सोडा. मी आहे ना?"

"किती काढणार आहेस?"

"सूतभर."

सूतभरांनी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि तोंड उघडलं.